आडेखोलच्या नदीची शिल्लक

आमच्या जांभळी नदीवर तीन शास्त्रज्ञ प्रबंध लिहून गेले आणि तिघांनाही मी माझ्या पडवीत बसवून सोलकढी पाजली. तिघांचं कोडं एकच होतं. बाकीच्या नद्या डिसेंबरात आटायला लागतात, मग जांभळी नेमकी डिसेंबरातच वर कशी येते? त्यांनी डोंगरमाथ्यावरच्या सड्याचे, म्हणजे सपाट कातळाचे, दगड फोडून नेले, झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरलं, झाडांच्या खोडांना तारा लावल्या. मला मात्र एकानेही विचारलं नाही की बाबा रे, डिसेंबरात तुम्ही गावकरी करता काय? मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

मी लवू मेस्त्री, वय वर्षं छप्पन्न. आडेखोल हे आमचं गाव सिंधुदुर्गात, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला. मी तिथल्या नदीमापन केंद्राचा तंत्रज्ञ. केंद्र म्हटल्यावर इमारत वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. नदीवर झुकलेला एक लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाला एक डबा, एवढंच. डब्यातून रडारच्या लहरी खाली पाण्यावर आदळतात आणि परत येतात. जायला-यायला लागलेल्या वेळावरून पाण्याची उंची कळते, दर पंधरा मिनिटांनी. डब्यात कोळ्यांनी घर केलं की ते काढायचं, सौर पाटी पुसायची, आजूबाजूचं रान मारायचं, ही माझी कामं. "सरकार तुमका कोळी मारूचो पगार देता," असं माझी बायको शालन पाहुण्यांसमोर सांगते.

ती उंची 'ओघ'कडे जाते. राज्यातल्या प्रत्येक नदीचा विचार करणारं हे यंत्र आज शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, पण ते चालतं कसं हे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाण्याची उंची मोजणं सोपं असतं, वाहतं पाणी मोजणं कठीण. म्हणून केंद्र बसवताना एकदाच मेहनत करतात. दोन हजार सदतीस साली जुलै ते ऑक्टोबर मी कमरेला दोर बांधून नदीत उभा राहिलो, वेगवेगळ्या उंचीला सेकंदाला किती पाणी वाहतं ते मोजलं आणि त्याचं कोष्टक तयार झालं. तेव्हापासून डबा उंची सांगतो आणि ओघ कोष्टकात बघून वाहणं ठरवतो. जोडीला उपग्रह वरून पात्राची रुंदी मोजतात. एवढ्यावरून ओघ सांगतो की उद्या किती पाणी येईल, पुढच्या वर्षी किती, आणि लोकांची व रानाची गरज भागून किती उरेल. या उरण्याला सगळे 'शिल्लक' म्हणतात.

ओघने दोन महापुरांत चौदा चौदा तास आधी गावं रिकामी करवली. एक माणूस दगावला नाही. त्यानंतर कायदाच झाला की कुठल्या नदीचं पाणी कुठे न्यायचं ते ओघच्या शिलकीवरच ठरेल. मंत्र्याचा वशिला नको आणि कोणाचा मोर्चाही नको. मला ते चांगलं वाटलं होतं, आजही वाटतं.

आणि आमची जांभळी? घाटाच्या या बाजूच्या लहान नद्यांत शिलकीत पहिली! एसटी स्टँडवर आम्ही मोठा फलकसुद्धा लावला होता, 'श्रीमंत नदीचे गाव आडेखोल आपले स्वागत करीत आहे.'

*

सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात नियोजन विभागाच्या अभियंता मुक्ता हणबर आमच्याकडे आल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलताना समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. अधिकाऱ्यांत हे सहसा आढळत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

"मेस्त्रीकाका, तुमच्यासाठी बातमी आहे," त्या म्हणाल्या आणि घडीचा पडदा पडवीतल्या बाकावर पसरला. त्यावर आमचा अख्खा डोंगर उभा राहिला. "इथे, घाटाच्या खांद्यावर, जांभळीच्या उगमाशी जलाशय. इथून सहा किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून पलीकडे. पाणी आपल्या उतारानेच शहरात जाईल, पंप लागणार नाही. पंधरा एप्रिलला अंतिम मंजुरी."

"कोणत्या शहरात?" मी विचारलं, तरी मला कळलं होतं. डोंगरापलीकडे एकच मोठं शहर आहे. चौदा लाख वस्ती, आणि नळाला सहाव्या दिवशी पाणी. माझी मुलगी वृषाली तिथे राहते. तिला नुकतीच मुलगी झालेली. बाळंतपण आटोपून परत गेली तेव्हा शालनने तिला मेथीचे लाडू दिले होते आणि तिने वर आणखी एक गोष्ट मागितली होती, मोठी झाकणाची टाकी.

आमच्या अंगणातली नदी माझ्या लेकीच्या मोरीत पोचणार! मला भरून आलं. मॅडमसमोर डोळे पुसले आणि त्याची लाजही वाटली नाही.

"आणि जलाशय किती छोटा आहे बघा," मॅडम म्हणाल्या. "एरवी पावसाळ्यातलं पाणी आठ महिने साठवायचं तर केवढं जंगल बुडवावं लागतं. पण तुमची नदी उन्हाळ्यातही पाणी देते. जलाशय रिकामा होत जाईल तसतशी नदी तो भरत राहील. म्हणून तर ही योजना चार वर्षांत होते." मग कौतुकाने त्यांनी दहा वर्षांचा आलेख उघडला. "ही बघा जादू. चार डिसेंबर, सहा डिसेंबर, पाच, पुन्हा चार... दरवर्षी नदी एका दिवसात पासष्ट सेंटिमीटर चढते, आणि मग जूनपर्यंत जवळजवळ तिथेच राहते. थंडी पडली की सड्याच्या पोटातलं पाणी सुटतं, असं ओघचं अनुमान आहे. फक्त त्रेचाळीस साली कोण जाणे काय झालं, तेरा दिवस उशीर."

त्रेचाळीस साली काय झालं ते मला माहीत होतं. विश्रामकाका राऊळांची आई गेली होती. घरात सुतक, म्हणून गावाचा बांध तेरा दिवस पुढे गेला.

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

*

बांध म्हणजे काय ते सांगतो. दर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आडेखोलचा गाव नदीत उतरतो. घरटी एक माणूस. मानकरी विश्रामकाका देवाला गाऱ्हाणं घालतात, पहिला धोंडा ठेवतात, आणि मग दिवसभर धोंडे, माती, पालापाचोळा रचून आम्ही नदीला आडवी छातीभर उंचीची भिंत घालतो. मागे पाणी तुंबतं, ते पाटाने पोफळीच्या बागांना आणि उन्हाळी भाताला जातं. विहिरींनाही त्याचाच आधार. जूनचा पहिला लोंढा आला की बांध वाहून जातो, त्याचं कोणाला दुःख नाही. पुढच्या डिसेंबरात पुन्हा घालायचा. आजोबांच्या आजोबांपासून असंच चाललंय.

हा बांध माझ्या खांबापासून अडीचशे मीटर खाली पडतो.

मोरीचं भोक बुजलं की नळाची धार करंगळीएवढी असली तरी मोरी भरते. भरलेली मोरी बघून कोणी म्हणालं, 'वा, काय जोराचं पाणी येतंय,' तर आपण त्याला वेडा म्हणू. ओघने तेच केलं होतं. डबा म्हणाला उंची वाढली. उपग्रह म्हणाला रुंदी वाढली. दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते आणि दोघे मिळून खोटं सांगत होते. तुंबलेलं पाणी ओघने दहा वर्षं वाहतं धरलं. वाढायचं कारण सापडेना म्हणून सड्याच्या पोटातलं पाणी त्याने स्वतःच शोधून काढलं, आणि त्यावर तीन प्रबंध झाले!

चूक ओघची म्हणावी तर तसंही नाही. केंद्राची जागा मी निवडली होती. नियम असा की खालच्या अंगाला किलोमीटरभर नदीत कसलंही बांधकाम नसावं. पाहणीचा अर्ज मी मोजणी संपता संपता, ऑक्टोबरात भरला. नदी खालवर चालून आलो आणि 'नाही' लिहिलं. बांध तेव्हा नव्हताच. पण खरं सांगायचं तर असता तरी माझ्या मनात आलं नसतं. बाहेरच्या माणसाने एका फेरीत ओळखलं असतं. पण लहानपणापासून मी त्या बांधावर बसून पाय बुडवले होते. आमच्या लेखी बांध ही नदीतली वस्तूच नव्हती, डिसेंबरातली नदी तशीच असते.

मॅडमना मी त्या दिवशी काही बोललो नाही. गाडीपर्यंत पोचवलं, हसलोसुद्धा.

*

संध्याकाळी वृषालीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. शेजारणींना तिने सांगून टाकलं होतं की हे पाणी आमच्या गावचं. "बाबा, बाळ चार वर्सांचा होईत तवसर नळाक रोज पाणी! माका खरा वाटना नाय." पडद्यावर ती बाळाला आंघोळ घालत होती. बाळाच्या अंगावरून ओघळलेलं पाणी खालच्या टबात, टबातलं फरशीला, फरशीचं संडासाला. तिचा हात इतका सराईत झाला होता की मला बघवेना.

चार दिवस मी गप्प राहिलो. मनाशी म्हणालो, एवढं मोठं यंत्र, एवढे शिकलेले लोक, त्यांना कळेलच कधीतरी. मीच कशाला तोंड उघडू? नोकरीची भीती होती, गावाचीही होती. पण सगळ्यात जास्त भीती वृषालीच्या त्या आनंदाची वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी शालन विळीवर लाल भोपळा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "चार दिस बगतंय, जेवणार लक्ष नाय तुमचा. काय झालाहा?"

सांगितलं सगळं. तिने चिरणं थांबवलं नाही.

"म्हणजे न्हंयत पाणी नाय, तरी मशिनीक दिसता."

"व्हय."

"मगे ता धरण बांधल्यार पाणी खयसून येतला?"

मी जमिनीवर पडलेली एक फोड उचलून ताटात टाकली.

"पोरीक नळ गावतलो, पाणी नाय. आणि वरसून न्हंय अडवल्यार आमका तर कायच नाय." तिने विळी आडवी केली. "कोणासाठी गप बसलात तुमी?"

दहा वर्षं नोकरी केली, पण इतकं सरळ गणित मला सुचलं नव्हतं. मी उठलो आणि फोन घेतला. मागून ती म्हणाली, "आणि वृषालीक मी सांगूचंय नाय हां. तुमीच सांगा."

*

हणबर मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. मी त्यांना नदीत नेलं, बांधाची जागा दाखवली, दोन्ही काठांवरचे वर्षानुवर्षांचे धोंड्यांचे ढीग दाखवले. त्या एका ढिगावर बसल्या. थोडा वेळ हसत होत्या, मग हसू गेलं.

"माझी आई त्याच शहरात असते, काका," त्या म्हणाल्या. "गुडघे गेलेत तिचे. टँकर आला की चौथ्या मजल्यावरून खाली उतरते. मी तिला तारीखही सांगून ठेवली होती."

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "तसं लिहून देतो."

"लिहून देऊन भागत नाही ना! आकडा फक्त आकड्यानेच बदलतो, हा कायदा आहे. माणसाच्या साक्षीला किंमत नाही, आणि ते मुद्दामच तसं केलंय, नाहीतर जो तो आपल्या नदीची साक्ष द्यायला आला असता. वरच्या अंगाला नवं केंद्र बसवलं तर त्याच्या नोंदी तीन वर्षांनी ग्राह्य. मंजुरी एप्रिलात." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "ओघ ऐकत नाही, पण बघतो. याच खांबाखाली, याच डब्याला नदी जशी आहे तशी दिसली तर त्याचं अनुमान आपोआप मोडेल. एक हंगाम..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी बोललो. "एक हंगाम बांध घालायचा नाही."

"मी असं सांगू शकत नाही. तुमच्या बागा जळतील. हे सांगायचा मला अधिकारच नाही."

"तुम्ही नका सांगू," मी म्हणालो. "ते काम माझं आहे."

*

रवळनाथाच्या देवळात गाव जमला. मी उभा राहिलो आणि एकदाचं सांगून टाकलं. अर्ज, खांब, आलेख, सुतकाचे तेरा दिवस. आधी कोणाला पटेचना, मग एकाने मोठ्याने विचारलं, "म्हणजे आपली न्हंय श्रीमंत नाय?" आणि देवळात हशा पिकला. हसू ओसरल्यावर मात्र सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तो खांबच उपटून टाका!" मागून कोणीतरी ओरडलं.

"उपटलास तर धा वर्सांचा खोटा तसाच रवतला," विश्रामकाका म्हणाले. पंचाहत्तरीचा माणूस, आवाज अजून खणखणीत. "लवू, बांध नाय घातलो तर काय व्हयत, ता सांग. खरा सांग."

मी खरं सांगितलं. उन्हाळी भात होणार नाही. मोठ्या पोफळी तग धरतील, पण दोन वर्षं पीक कमी. विहिरी मार्चमध्ये तळ गाठतील. आणि लहान रोपं मरतील.

रुक्मिणी धुरी उठली. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, घरची बाग ही एकटी बघते. दोन वर्षांपूर्वी तिने पोफळीची दोनशे रोपं लावली होती, प्रत्येक आळं स्वतःच्या हाताने खणून.

"लवूभावजी, तुमी कोळी मारूक चुकला असतात तर माका काय वाटला नसता. पण ह्या काय? माझ्या दोनशे रोपांनी तुमचा काय घोडा मारल्यानी? ऑक्टोबरात लिवताना येक डाव डिसेंबराची याद येवक नाय तुमका?"

"नाय इली," मी म्हणालो. "चुकलंय."

मग विश्रामकाकाच म्हणाले, "तेना लिवल्यान 'नाय'. थंय मी असतंय तरी 'नाय'च लिवलंय असतंय. तुमी सगळी पण तसाच लिवला असतात. बांध कोणाच्या डोळ्यांक दिसता हो आपल्यात?" त्यांनी रुक्मिणीकडे पाहिलं. "पण रोपां तुझी. तू सांगशीत तसा."

एवढा मोठा निर्णय म्हाताऱ्याने तिच्या पदरात टाकला, याचा मला त्या वेळी रागच आला. बाकी बायका तिच्याकडे बघत होत्या.

"बांध घालू नकात," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या रोपांक पाणी लवूभावजी घालतले. रोज. स्वता. गडी लावल्यानी तर मी बांध येकटी घालीन."

मी 'व्हय' म्हणालो.

पाच डिसेंबरला गाव नेहमीसारखा नदीवर जमला, घरटी एक माणूस. विश्रामकाकांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, वर्सानुवर्सा तुझ्या लेकरांनी ह्या न्हंयत बांध घातल्यानी. आज पयल्यांदाच हात बांधून उभी हत. आमची न्हंय जशी आसा तशी जगाक दिसांदे, म्हणान. आता झाडापेडाची राखण तूच कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि धोंड्याला हात न लावता घरी गेले. मला हुंदका आवरला नाही.

*

वृषालीला फोनवर सांगितलं. ती ऐकत राहिली, मग विचारलं, "म्हणजे आमका येवचा पाणी तुमी बंद केल्यात?"

"पाणी नव्हताच गो बाय. मशिनीक खोटा दिसत होता."

"तुमी गप बसला असतात तर चार वर्सां आशा तरी असती माका." तिने फोन ठेवला. त्यानंतर चार महिने तिचे फोन यायचे, पण आईला. मी जवळ गेलो की शालन पडदा माझ्याकडे वळवायची, आणि तिकडून वृषालीला काहीतरी काम आठवायचं.

डिसेंबरात आलेख चढला नाही. हणबर मॅडम रोज कळवायच्या. ओघने आधी माझ्या डब्यावर संशय घेतला आणि तपासणीचा हुकूम पाठवला. मी डबा पुसला, तपासला, ठीक असल्याचं कळवलं. मग त्याने उपग्रहांवर संशय घेतला. जानेवारीत त्याने सड्यातल्या पाण्याचं अनुमान थोडं कमी केलं, फेब्रुवारीत आणखी कमी. दहा वर्षं मनाशी बाळगलेली समजूत यंत्रालाही चटकन सोडवत नाही. मला त्याची कीव आली, कारण माझंही तसंच झालं होतं.

इकडे पोफळीची पानं पिवळी पडत चालली. पाट कोरडा, त्यात पोरं क्रिकेट खेळायची. मी रोज पहाटे उठून खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणायचो. दोनशे रोपं, एक दिवस ही शंभर, दुसऱ्या दिवशी ती शंभर. पहिल्या आठवड्यात खांदे सोलवटले. रुक्मिणी आळ्याआळ्याशी उभी राहून बघायची. दुसऱ्या महिन्यात तिने कावडीखाली घालायला जुन्या लुगड्याची चुंबळ दिली. मार्चमध्ये विहिरीचं पाणी वाटीने उपसायची वेळ आली तेव्हा विश्रामकाकांची सून आली, मग आणखी दोघी. तरीही एकसष्ट रोपं मेली. रुक्मिणीने ती स्वतः उपटली आणि कुंपणाशी रचून ठेवली. मी माफी मागितली तर म्हणाली, "जगली ती बगा आता."

दोन एप्रिलला ओघने आकडा बदलला. जांभळी नदी, शिल्लक शून्य. घाटाच्या खांद्यावरची योजना त्याच क्षणी रद्द झाली. नवी योजना दुसऱ्या खोऱ्यात, मोठ्या जलाशयाची, नऊ वर्षांची. हणबर मॅडमनी स्वतः फोन केला. आईला सांगितलंत का, मी विचारलं. "सांगितलं," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, बरं झालं, कोरड्या नळाची वाट बघत बसले असते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला मात्र रडू आलं." माझं केंद्र दीड किलोमीटर वर हलवायचं ठरलं, आणि पाहणीच्या अर्जात एक नवा प्रश्न आला. गावकरी वर्षातून कधी नदीत काही घालतात का, कधी आणि कुठे?

एसटी स्टँडवरचा फलक पोरांनीच उतरवला. विजय झाला होता म्हणे आमचा, पण मिठाई कोणी वाटली नाही. आपण गरीब आहोत हे सिद्ध करून कोण पेढे वाटतं!

*

एप्रिलच्या मध्यावर वृषाली बाळाला घेऊन आली. शहरात पाणी आठव्या दिवसावर गेलं होतं. आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, आणि बाळ माझ्या हातात न देता आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच नदीकडे निघाली. मी मागून गेलो. ती पात्राच्या मधोमध उभी होती, चपला पायात, आणि चपला कोरड्या. नदी तिच्या शेजारून एका खाचेतून चालली होती.

"ह्याच पाणी आमका येवचा होता?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"ह्याच."

"किती आसा ह्या?"

"मोजूया," मी म्हणालो. दुसरं काही मला येतच नाही.

खाचेची रुंदी वीतभर काठीने मोजली, अर्धा मीटर. खोली चार बोटं, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर. पाच मीटरवर दोन दगड ठेवले, मी वरच्या दगडाशी एक सुकी सुपारी पाण्यात सोडली आणि ती खालच्या दगडाशी घड्याळ धरून बसली. अठरा सेकंद. पुन्हा सोडली, एकोणीस. पुन्हा अठरा.

"सेकंदाक सात लिटर," मी म्हणालो. "अर्धी बादली."

तिने फोन काढला. ती पहिल्यापासून गणितात माझ्यापेक्षा हुशार. बोटं चालत होती, ओठ हलत होते. "दिसाक सा लाख लिटर. आमच्या येका वॉर्डात चाळीस हजार माणसां. माणशी पंधरा लिटर." ती थांबली. "येक बादली. ती पण येकाच वॉर्डाक. आणि असले पस्तीस वॉर्ड हत." मग खाली वाकून तिने त्या खाचेत हात घातला. "आणि तेच्यासाठी तुमची सगळी न्हंय."

मी ते दोन दगड उचलून काठाला टाकले. बाजू मांडायची हौस चार महिन्यांत पुरती फिटली होती.

हात तसाच पाण्यात ठेवून ती म्हणाली, "बाबा, माझो राग तुमच्यार नव्हतो बहुतेक. पण दुसरा कोण गावतच नव्हता. मशिनीर रागावान काय करूचा? पावसार रागावान काय करूचा?"

"मगे रवांदे माझ्यारच," मी म्हणालो. "मी जवळचो आसंय."

ती हसायला गेली आणि रडली. चार महिन्यांचं सगळं. मी तिच्या शेजारी धोंड्यावर बसलो आणि ती रडून होईपर्यंत बसून राहिलो.